घोडे गेल्यानंतरचे मैदान : ढाक्याचे रमणा रेसकोर्स आणि इतर काही खुणा

१६ डिसेंबर १९७१ चे एक छायाचित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. एक साधे टेबल, शेजारी शेजारी बसलेले दोन सेनाधिकारी, मागे दाटीने उभी असलेली माणसे. पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल नियाझी शरणागतीच्या कागदावर सही करत आहेत आणि भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा शेजारी बसले आहेत. ही सही कोणत्याही सरकारी इमारतीत झाली नाही. ती ढाक्याच्या रेसकोर्सवर झाली. तिथल्या घोड्यांच्या शर्यती १९४९ सालीच बंद पडल्या होत्या. म्हणजे त्या दिवशी मैदानावरून घोडे जाऊन २२ वर्षे झाली होती, तरी ढाक्याच्या तोंडी त्याचे नाव रेसकोर्सच होते.

बंद पडलेल्या रेसकोर्सविषयी जे लिहिले जाते त्यात हळहळ फार असते: टोप्या घातलेल्या मडमा, बँडचे सूर, लाकडी स्टँड, जिंकलेल्या घोड्याच्या गळ्यातले हार. ती हळहळ खोटी आहे असे नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडेही एक साधन म्हणून पाहावे आणि दोन प्रश्न विचारावेत. हे मैदान तयार होण्यासाठी आधी तिथले काय काढून टाकले गेले? आणि घोडे गेल्यावर त्या मोकळ्या जागेने काय घडू दिले? रमण्याच्या बाबतीत या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात, म्हणून तेच उदाहरण सविस्तर घेऊ.

आधी थोडे जमिनीविषयी. घोड्यांच्या शर्यतीला जागा फार लागते. भरधाव घोड्याला वळण सौम्य हवे असते, त्यामुळे धावपट्टी मोठी आणि लंबवर्तुळाकार होते. प्रेक्षक एका बाजूला बसतात. त्यांना समोरची पूर्ण धाव दिसावी म्हणून मधला भाग मोकळा ठेवावा लागतो. वर्षातले मोजके दिवस वापरायची आणि एरवी रिकामी राहणारी एवढी मोठी जमीन शहरालगत राखून ठेवणे हे काम सत्ता हाती असलेल्यांनाच जमण्यासारखे होते. म्हणूनच कंपनीच्या आणि पुढे ब्रिटिश राजवटीच्या काळात छावणी, क्लब आणि रेसकोर्स ही तिन्ही बहुधा एकमेकांच्या आसपास दिसतात. संस्थानिकांनीही हा शौक उचलला.

रमणा मात्र मुळात रिकामी जमीन नव्हती. १६१० च्या सुमारास ढाका मोगल सुभ्याची राजधानी झाले तेव्हा या भागात बागा आणि वस्त्या उभ्या राहिल्या. पुढे राजधानी ढाक्याहून हलली आणि बागांवर झाडोरा माजला. पडक्या इमारती, कबरी, मशिदी आणि एक कालीमंदिर त्या रानात उरले. १८२५ मध्ये ढाक्याचा मॅजिस्ट्रेट चार्ल्स डॉस याने हे रान साफ करायला घेतले. त्यासाठी त्याने मजूर लावले नाहीत, ढाक्याच्या तुरुंगातले कैदी लावले. झाडोऱ्याबरोबर बहुतेक जुनी बांधकामेही पाडली गेली. कालीमंदिर, ग्रीकांचे स्मारक आणि काही कबरी-मशिदी तेवढ्या वाचल्या. साफ झालेल्या जागेला लाकडी कठडा घालून लंबवर्तुळाकार शर्यतीचे मैदान आखले गेले. थोडक्यात, ज्या मैदानाची नंतर आठवण काढली गेली त्याचा पाया मोगल ढाक्याच्या अवशेषांवर आणि कैद्यांच्या श्रमावर होता. या कैद्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आलेले नाही. डॉसचे मात्र प्रत्येक नोंदीत येते.

पुढे ढाक्याच्या नवाब घराण्याच्या आश्रयाने शर्यतींना रंग चढला. शेजारचा शाहबाग हा याच घराण्याचा. १९०५ च्या फाळणीनंतर ढाका नव्या प्रांताची राजधानी झाले, रमण्यात सरकारी बंगले उठले आणि १९२१ मध्ये ढाका विद्यापीठ सुरू झाले. अशा रीतीने शहर आणि विद्यापीठ मैदानाच्या कडेपर्यंत आले, पण मधली जागा घोड्यांमुळे मोकळी राहिली. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि दोन वर्षांत शर्यती थांबल्या.

इथून पुढे हे मैदान सभेचे झाले. राजधानीच्या मध्यावर, विद्यापीठाला लागून, लाखो माणसे मावतील अशी दुसरी जागा कुठली? २३ फेब्रुवारी १९६९ ला शेख मुजिबुर रहमान यांना ‘बंगबंधू’ ही पदवी याच मैदानावर दिली गेली. ३ जानेवारी १९७१ ला अवामी लीगच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी इथेच लोकांसमोर शपथ घेतली. ७ मार्चचे मुजिबांचे प्रसिद्ध भाषण इथलेच. २०१७ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली. या काळातल्या छायाचित्रांत मैदानाच्या पाठीमागे कालीमंदिराचे उंच शिखर दिसते. डॉसने वाचवलेले ते देऊळ पाकिस्तानी सैन्याने २७ मार्च १९७१ ला उद्ध्वस्त केले आणि तिथे अनेकांची हत्या झाली. डिसेंबरात नियाझींनी सही केली तेव्हा ते शिखर नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मैदानाचे नाव सुहरावर्दी उद्यान झाले. झाडे लावली गेली, एका भागात लहान मुलांसाठी बाग झाली, नंतर काचेचा स्वातंत्र्यस्तंभ आणि भूमिगत संग्रहालय झाले. कालीमंदिर पुन्हा बांधले गेले. डिसेंबर २०२१ मध्ये भारताचे तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. झाडांविषयी माझे एक मत नोंदवतो. उद्यान सुखद असते, पण झाडे लावलेल्या जागेवर ७ मार्चसारखी सभा भरू शकत नाही. मोकळ्या मैदानाचे उद्यान करणे हा राजकीय निर्णयही असतो, मग तो करणाऱ्यांच्या मनात तसे असो वा नसो.

सगळीकडे एवढे उरत नाही. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शर्यती भायखळ्याला होत. इराणच्या आखातातून जहाजांनी येणारे अरबी घोडे मुंबईत विकले जात आणि त्यांतले निवडक शर्यतीत उतरत. १८३३ मध्ये स्थापन झालेला भायखळा क्लब या मैदानालगतच होता. १८८३ मध्ये शर्यती महालक्ष्मीला गेल्या. भायखळ्याची जमीन गिरण्यांच्या आणि चाळींच्या शहरात मिसळून गेली. आज तिथून जाणाऱ्याला घोड्यांची कल्पनाही येणार नाही.

याउलट कोइम्बतूरमध्ये शर्यती नाहीत, पण आकार आहे. तिथला ‘रेस कोर्स’ हा भाग म्हणजे सुमारे अडीच किलोमीटरचा वळसा घालणारा रस्ता. सकाळ-संध्याकाळ शेकडो लोक त्यावर फेऱ्या मारतात, घोड्यांच्या जुन्या वाटेने. राजकोटला रेसकोर्स रिंग रोड आहे, डेहराडूनला रेसकोर्स नावाची वसाहत आहे. कोलंबोच्या रेसकोर्सवर दुसऱ्या महायुद्धात विमाने उतरत होती. शर्यती थांबल्यावर अनेक वर्षांनी तिथल्या जुन्या प्रेक्षागृहात दुकाने थाटली गेली. दिल्लीत नेमके उलट घडले. तिथे शर्यती चालू असताना २०१६ मध्ये रेसकोर्स रोडचे लोककल्याण मार्ग झाले. म्हणून नाव हा पुरावा वापरताना सावध राहावे. नाव आणि वस्तू एकमेकांना धरून राहतातच असे नाही. रस्त्याचे वळण अधिक भरवशाचे, कारण ते बदलायला घरे पाडावी लागतात.

आता पुन्हा त्या हळहळीकडे. शर्यतींच्या छापील नोंदींत घोड्याचे नाव, त्याचे आईबाप, मालक, स्वार आणि त्याचे वजन हे सगळे असते. घोड्याला पहाटे फिरवणारा मोतद्दार, नालबंद, गवत आणून टाकणारी बाई यांची नावे क्वचितच सापडतात. स्टँडमध्ये बसलेल्यांनी आठवणी लिहिल्या, कठड्याबाहेर उभे राहून चार आणे लावणाऱ्यांनी लिहिल्या नाहीत. त्यामुळे रेसकोर्सची आपल्याला मिळालेली आठवण स्टँडमधून दिसलेली आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. जून २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने उटीच्या रेसकोर्सची सुमारे ५२ एकर जमीन ताब्यात घेतली आणि तिथे उद्यान करण्याचे ठरवले. त्याच वर्षी मुंबईत महालक्ष्मीच्या २११ एकरांपैकी सुमारे १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचा निर्णय झाला. दोन्हीकडच्या वादात वारसा, पर्यावरण, भाडेपट्टा हे शब्द पुष्कळ आले. उटीच्या उन्हाळी हंगामासाठी घोड्यांबरोबर डोंगर चढून जाणारी माणसे आजही हयात आहेत. हंगामात ती राहत कुठे, पगार कोण देई, जखमी घोड्याचे काय होई, हंगाम संपल्यावर ती कुठे जात, हे त्यांना अजून विचारता येईल.