रुमालातील घर

कौटुंबिक कागद आपल्याकडे टिकले ते इतिहासाच्या प्रेमापेक्षा वतनाच्या भयाने. १८५२ च्या इनाम कमिशनपुढे पुरावा नसला तर इनाम जाण्याची धास्ती. म्हणून सनदा, महजर, निवाडपत्रे रुमालात बांधून जपली गेली. त्याच गाठोड्यांत, जणू चुकून, घरगुती पत्रेही राहिली. वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले ते या रुमालांसाठी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर उपसले. या ऋणाविषयी दुमत नाही.

प्रश्न वाचनाचा आहे. ‘येथील कुशल’ आणि ‘बहुत काय लिहिणे’ यांच्या दरम्यान फौजेची हालचाल, सावकाराचे देणे, घरातले आजारपण एकाच ओघात येऊ शकते. संशोधकाला त्यातली मोहीम हवी होती. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. निवडणे म्हणजे गाळणे आलेच. (त्यावाचून गत्यंतर नव्हते, हेही कबूल.) परंतु पत्र रुमालातून निघून विषयवारीत गेले की त्याचा शेजार तुटतो. पुष्कळ पत्रांवर केवळ चंद्र व मास असतो, वर्ष नसते. ते ठरवायचे तर शेजारच्याच कागदाचा आधार घ्यावा लागतो. छायाचित्रांची गत याहून वाईट. अल्बममधून सुटे झालेल्या, पाठीवर नाव नसलेल्या स्त्रीचे छायाचित्र अभिलेखागारात पोचते ते ‘नऊवारी, अंदाजे १९१०’ एवढ्याच नोंदीनिशी.