पेढी, पदवी आणि वय

धंदा हा पेढीवर बसून शिकावयाचा कीं महाविद्यालयाच्या बाकावर बसून, हा प्रश्न जुन्या काळीं कोणाला पडतच नसे. व्यापाऱ्याचा मुलगा मिसरूड फुटण्यापूर्वींच वडिलांच्या गादीशेजारीं बसे; परक्याचा मुलगा असला तर उमेदवारी करी, दौती भरी, पत्रांच्या नकला काढी आणि यथाकाल रोजमेळ लिहूं लागे. वय आणि अनुभव हीं दोन्ही बरोबरच वाढत. तीं निराळीं मोजण्याचें कारण नव्हतें.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरीं १८२६ सालीं जन्मलेला जोसेफ व्हार्टन हा या परंपरेचाच विद्यार्थी. एकोणिसाव्या वर्षीं तो एका व्यापारी पेढीवर हिशेब शिकण्यास राहिला. पुढें जस्त, निकेल आणि लोखंड यांच्या धंद्यांत त्यानें अपार संपत्ति मिळविली आणि १८८१ सालीं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास एक लाख डॉलर देऊन व्यापारशिक्षणाची शाळा काढविली. पेढीवर तयार झालेल्या माणसाला शाळेची गरज कां वाटावी? त्याची तक्रार लक्षांत घेण्याजोगी आहे. जुन्या पेढींत उमेदवाराला एक प्रकारचें खरें शिक्षण मिळे. नव्या मोठ्या कचेऱ्यांत कामाची वांटणी इतकी बारीक झाली कीं, ज्यानें त्यानें आपल्या एका ठराविक कामांतच गुरफटून पडावें. म्हणजे ही शाळा निघाली ती अनुभवाला जोड म्हणून नव्हे. पेढीवर पूर्वीसारखा अनुभव मिळेनासा झाला म्हणून. हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढची गंमत कळते.

१९०८ सालीं हार्वर्ड विद्यापीठानें खास पदवीधरांसाठीं दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला आणि ‘मास्टर ऑफ बिझिनेस ॲडमिनिस्ट्रेशन’ ही पदवी ठेवली. तिचा पहिला अधिष्ठाता एडविन गे हा आर्थिक इतिहासाचा पंडित. कायद्याच्या वर्गांत जुने निवाडे पुढें ठेवून शिकवितात, तसेंच येथेंहि व्हावें असें त्याला वाटे. परंतु व्यापाराचे निवाडे छापील कोठून मिळणार? १९११ च्या सुमारास आर्च शॉ नांवाच्या प्रकाशकानें युक्ति काढली. त्यानें प्रत्यक्ष धंदेवाल्यांनाच वर्गांत आणलें. आलेल्या गृहस्थानें आपली खरी अडचण सांगावी, मुलांनीं तिच्यावर उपाय लिहावे आणि मग त्यानेंच त्यांची चर्चा करावी. १९१९ सालीं वॉलेस डॉनम हा अधिष्ठाता झाल्यावर अशीं प्रकरणें जमवून लिहून काढण्याचा उद्योगच सुरू झाला.

पद्धति नामी खरी. पण ती विद्यार्थ्याकडूनहि कांहीं मागते. समजा, एका गिरणींतील संपाचें प्रकरण वर्गापुढें आलें. बाविशीचा नवा पदवीधर मजुरीचे आंकडे अचूक मांडील. दहा वर्षें सांचेखात्यांत घालविलेला मनुष्य प्रथम विचारील कीं, पगारकपातीची बातमी कामगारांना कोणाच्या तोंडून कळली? हा प्रश्न पुस्तकांतून सुचत नाहीं. उलट, तोच अनुभवी मनुष्य ‘आमच्याकडे असेंच चालतें’ म्हणून जेथें थांबतो, तेथें त्या पोराचे आंकडे त्याचे डोळे उघडतात. वर्गांत दोघेहि असले तरच चर्चेला रंग चढतो. नुसतें वय मात्र कामाचें नाहीं. एकाच खतावणीवर वीस वर्षें मान मोडलेला कारकून हा व्हार्टनच्या तक्रारींतलाच मनुष्य होय.

वयस्क विद्यार्थ्याची खरी अडचण बुद्धीची नसून संसाराची असते. पस्तिशीच्या माणसानें दोन वर्षें पगार सोडावा कसा? याचें एक उत्तर चिकागो विद्यापीठानें १९४३ सालीं दिलें. नोकरीवर असलेल्या अधिकाऱ्यांना नोकरी न सोडतां ही पदवी घेतां यावी, अशी सोय त्यानें केली. हार्वर्डनें युद्धकाळांत प्रौढ माणसांना युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठीं तयार केलें आणि १९४५ पासून मुरलेल्या अधिकाऱ्यांसाठीं निराळा वर्ग चालविला. मोठमोठ्या हुद्द्यांवरचे गृहस्थ पुन्हां विद्यार्थ्यांप्रमाणें वसतिगृहांत राहूं लागले! त्याच सुमारास, २२ जून १९४४ च्या कायद्यानें, परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च अमेरिकन सरकारनें उचलला. हार्वर्डमधून १९४९ सालीं बाहेर पडलेल्या तुकडींत बहुतेक असेच लोक होते. पॅसिफिक महासागरांत आरमारी नोकरी केलेला जेम्स बर्क त्यांतलाच. तो पुढें जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीचा प्रमुख झाला. या तरुणांना बाजाराचा अनुभव बेताचाच होता. पण जहाज सांभाळलेल्या, माणसें हाताखालीं वागविलेल्या गड्याला ‘तूं मालक असतास तर काय करतास?’ हा प्रश्न पोरखेळ वाटत नाहीं.

आपल्याकडे क्रम थोडा निराळा लागला. १९१३ सालीं मुंबईस निघालेलें सिडनहॅम कॉलेज हें आशियांतील पहिलें वाणिज्य महाविद्यालय मानलें जातें. तें अर्थातच कोवळ्या मुलांसाठीं होतें. १९५६ सालीं हैदराबादेस स्थापन झालेलें ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज इंग्लंडांतील हेन्लीच्या नमुन्यावर बेतलेलें. तेथें मुरलेले अधिकारीच येत, आणि पदवीचा प्रश्नच नव्हता. १९६१ सालीं अहमदाबादची व्यवस्थापन संस्था निघाली ती हार्वर्डच्या साहाय्यानें. पद्धति तीच आली. पण बाकांवर मुख्यतः ताजे पदवीधर, त्यांत पुष्कळसे इंजिनियर, बसले. मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज संस्थेनें (१९६५) नोकरदारांसाठीं सायंकाळचे वर्गहि चालविले, हें या शहराच्या स्वभावाला धरूनच झालें. कचेरी सुटल्यावर, घरीं जाणारी गाडी सोडून वर्गाला येणारा मनुष्य निष्काळजी विद्यार्थी सहसा नसतो. अहमदाबादेनें खास अनुभवी लोकांसाठीं एक वर्षाचा अभ्यासक्रम काढला तो २००६ सालीं.

पुढच्याच वर्षीं, २००७ मध्यें, हार्वर्डनें एक नवी योजना जाहीर केली. महाविद्यालयांत शिकत असलेल्या मुलाची निवड आधींच करावयाची, त्याची जागा राखून ठेवावयाची आणि पदवी मिळतांच त्याला वर्गांत न घेतां किमान दोन वर्षें नोकरीवर पाठवावयाचें.