फावल्या वेळाची मजुरी

माणसाचा फावला वेळ हा बाजारात विकता येण्याजोगा माल आहे, ही कल्पना अगदी अलीकडची समजली जाते. वर्धा किंवा हिंगणघाट येथील एखादा पदवीधर रात्रीच्या जेवणानंतर मोबाइलवर दूरदूरच्या कंपन्यांच्या प्रश्नावल्या भरीत बसतो. साबण कोणता वापरता, पूर्वीचा का सोडला, नव्या डब्याचा रंग मनास येतो की नाही, अशा चाळीस-पन्नास प्रश्नांची उत्तरे दिली म्हणजे त्याच्या खात्यावर काही गुण चढतात आणि पुरेसे गुण साठले म्हणजे त्यांचे रुपये होतात. दुसरा कोणी गुप्त गिऱ्हाईक होऊन दुकानात शिरतो, पावती मिळाली की नाही, नोकर नीट बोलला की नाही हे ध्यानात ठेवतो, आणि अहवाल धाडून दर फेरीमागे ठरलेला मोबदला घेतो. दोन्ही कामे संसाराला जोड म्हणून करावयाची, पोटाचा मुख्य धंदा म्हणून नव्हे, असे सांगितले जाते. आणि नेमके याच सबबीवर त्यांचा दर अल्प ठेवला जातो.

दुकानदारावर नजर ठेवणारा छुपा माणूस आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात व्यापाऱ्याच्या वेषात वावरणारा ‘वैदेहक’ हेर आहे, आणि त्याच ग्रंथातील वेतनांच्या प्रकरणात त्याला १००० पण वेतन सांगितले आहे. खालच्या दर्जाच्या फिरत्या हेरांना कमी, पण तेथेही श्रम जसे वाढतील तसे वेतन वाढवावे, अशी तरतूद आहे. म्हणजे कौटिल्याने या कामाला कोणाच्या रिकामपणातला उद्योग मानले नव्हते. कामाप्रमाणे दाम, असा त्याचा सरळ हिशेब होता.

फावल्या वेळाला दाम किती द्यावा, हा प्रश्न आधुनिक काळात सर्वांत निकराने वर्धा येथेच लढला गेला. तो लढा सरकार आणि प्रजा यांच्यात नव्हता, गिरणीमालक आणि मजूर यांच्यातही नव्हता. गरिबांच्या कल्याणासाठीच स्थापन झालेल्या एका संस्थेने आपल्याच दरपत्रकाशी तो लढला, आणि म्हणूनच त्याचा इतिहास मुळातून पाहण्यासारखा आहे.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला, आणि १८६६ साली पालकवाडी या लहानशा खेड्याच्या जागी वर्धा शहर वसले. तो काळ कापसाच्या तेजीचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ पर्यंत लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची नजर वऱ्हाड-नागपूरकडील काळ्या जमिनीकडे वळली. हिंगणघाटचा कापूस तर त्या आधीपासूनच नावाजलेला होता. पाठोपाठ रेल्वे आली. तिने गाठी मुंबईस नेल्या आणि परतताना गिरणीचे सूत व कापड आणले. पुढे हिंगणघाट व पुलगाव येथेही गिरण्या उभ्या राहिल्या. कोष्टी काही काळ तग धरून राहिला, कारण गिरणीचे सूत घेऊन हातमाग चालविणे त्याला शक्य होते. परंतु घरोघरी सूत काढणाऱ्या बायकांचा धंदा त्याच्या आधीच बुडाला. विणकराच्या दैन्याची नोंद सरकारी अहवालांतून सापडते. कातणारणीची क्वचितच सापडते, कारण तिचे काम धंदा म्हणून कोणी मोजलेच नव्हते. ते फावल्या वेळचे होते.

पावसावर अवलंबून असलेल्या या कोरडवाहू मुलखात मृगापासून कापसाची वेचणी संपेपर्यंत हातांना उसंत नसते, आणि त्यानंतर पुन्हा पाऊस पडेपर्यंत पुष्कळांना काम नसते. या रिकाम्या महिन्यांत चरखा फिरावा, हा महात्मा गांधींच्या खादीच्या अर्थशास्त्राचा पाया होता. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून १९२१ च्या एप्रिलमध्ये विनोबा भावे वर्ध्यास आले आणि सत्याग्रहाश्रमाची शाखा येथे सुरू झाली. १९२५ साली पाटणा येथे अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि खादीचा व्यवहार रीतसर चालू झाला. कापूस द्यावा, सूत घ्यावे, विणवून कापड विकावे, असे त्याचे स्वरूप होते. युक्तिवाद असा, की जिला काहीच मिळत नव्हते तिला चार पैसे मिळाले तरी ती निव्वळ प्राप्तीच होय.

युक्तिवाद खोटा नव्हता. पण त्याच्या पोटी एक धोका होता. ‘काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे’ हे एकदा मान्य झाले, की ते ‘काहीतरी’ किती असावे याला खालची मर्यादाच उरत नाही. दिवसभर चरखा चालवूनही कातणारणीच्या हाती एक-दीड आण्याच्या पलीकडे क्वचितच पडत असे. खादी आधीच गिरणीच्या कापडापेक्षा महाग. ती खपावी म्हणून दर उतरविण्याची खटपट सतत चालू असे, आणि किंमत उतरविण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे कताईची मजुरी. विणकर कमी दरात विणीत नाही, रंगारी रंगवीत नाही, दुकानाचे भाडे चुकत नाही. कातणारीण मात्र बोलत नाही. तिचा वेळ फावला ठरलेला होता.

याच सुमारास वर्ध्याजवळील नालवाडीस विनोबांनी एक प्रयोग आरंभिला. कताईची जी मजुरी इतरांना मिळते तीवरच आपला निर्वाह चालवावयाचा, असा त्याचा संकल्प होता. दिवसाचे आठ-आठ तास ते सूत काढीत. त्यांच्यासारख्या कसलेल्या हातालाही त्या दरात पोटभर व पोषक अन्न मिळणे कठीण आहे, हे या प्रयोगातून उघड झाले. प्रयोग एका संन्यस्त माणसाचा. ज्या बाईला मागे चार पोरे आहेत तिचा हिशेब त्यावरून कोणासही करता येण्यासारखा होता.

१९३४ च्या अखेरीस गांधीजींनी आपले ठाणे वर्ध्यास हलविले होते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ठराव झाला आणि १४ डिसेंबर रोजी वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष, जे. सी. कुमारप्पा चिटणीस. जमनालालजींनी आपली बाग व घर संघास दिले आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्या जागेस मगनवाडी हे नाव पडले. तेलघाणी, हातकागद, मधमाशापालन, हातसडीचा तांदूळ अशा अनेक उद्योगांची तेथे छाननी होऊ लागली, आणि प्रत्येकात तोच प्रश्न उभा राहू लागला: हे काम करणाऱ्यास दिवसाकाठी किती सुटते? इतर धंद्यांना हा प्रश्न विचारावयाचा, तर मग कताईला तो का विचारू नये?

१९३५ च्या उन्हाळ्यापासून गांधीजींनी तो उघडपणे विचारला. तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांना आठ आणे, ही मजुरी कोणत्याही ग्रामोद्योगात असावी, असे त्यांनी सुचविले. गिऱ्हाइकाला माल स्वस्त पडावा म्हणून आजवर कातणाऱ्यांच्या पोटाकडे दुर्लक्ष झाले, याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडेही घेतली. कार्यकर्त्यांची मात्र तारांबळ उडाली. दर एकदम इतके चढविले तर कापड कोण घेणार? आणि कापड खपले नाही तर कातणारणीस एक आणा तरी कोठून द्यावयाचा? हा आक्षेप क्षुद्र नव्हता. ज्यांनी वर्षानुवर्षे खांद्यावर ठाण वाहून खादी विकली त्यांचा तो अनुभव होता.

ऑक्टोबर १९३५ मध्ये वर्धा येथे चरखा संघाच्या कार्यकारी मंडळाने ठराव केला. कताईची चालू मजुरी अपुरी आहे हे त्यात मान्य करण्यात आले, आणि आठ तासांच्या कुशल कामास निदान इतके मिळावे, की त्यात वर्षाला वीस वार कापड आणि आहारशास्त्राने ठरविलेले किमान अन्न भागेल, असे मान ठरविण्यात आले. आठ आण्यांचा आकडा ठरावात आला नाही, आणि तो प्रत्यक्षात गाठताही आला नाही. पण मजुरी बाजाराने ठरवावयाची नसून तिचे माप कामकरणीच्या भाकरीने घ्यावयाचे, हे तत्त्व एका देशव्यापी संस्थेने कागदावर उतरविले. किमान वेतनाचा कायदा हिंदुस्थानात १९४८ साली झाला, हे लक्षात घेता या ठरावाचे महत्त्व ध्यानात येते.

परिणाम दोन्ही बाजूंनी झाले. दर वाढले तशी खादी महागली. प्रमाणपत्र नसलेले व्यापारी जुन्याच दराने सूत घेऊन संघाच्या भांडारापेक्षा स्वस्त माल विकू लागले, आणि गिऱ्हाईक तिकडे ओढले जाऊ लागले. संघाने प्रमाणित भांडारातूनच खादी घ्या असा प्रचार केला. पण दोन ठाणांतले सूत कोणत्या मजुरीने काढले आहे हे कापडावरून ओळखता येत नाही, आणि ओळखून काढण्यासाठी गुप्त गिऱ्हाइके धाडण्याची त्या काळी रीत नव्हती. शिवाय वाढीव मजुरी हवी तर सूत समान व बळकट हवे, आणि कातणाऱ्यांनी स्वतः खादी वापरावी, असा आग्रह आला. काही मजुरी कापडाच्या रूपाने देण्यात येऊ लागली. ज्या वृद्ध बाईचे सूत जाडेभरडे असे तिला नव्या दराचा लाभ मिळणे अवघड होते. दरवाढीचा हा काच सांगितल्यावाचून इतिहास पुरा होत नाही.

याहून अवघड बाब म्हणजे न मोजलेला वेळ. आठ तासांची कताई म्हणजे केवळ चरख्याचे आठ तास नव्हेत. कापूस निवडावयाचा, सरकी काढावयाची, पिंजून पेळू करावयाचे, सूत उतरवून गुंड्या बांधावयाच्या, आणि मग ते घेऊन केंद्रापर्यंत चालत जावयाचे. यांतील कोणत्या कामास मजुरी लागू व कोणत्या नाही, यावर हाती पडणारा पैसा ठरे. मोबाइलवरील प्रश्नावल्यांची गोष्ट येथे पुन्हा आठवते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१८ साली ७५ देशांतील सुमारे ३,५०० जणांची माहिती प्रसिद्ध केली. ही माणसे संगणकावरून अशी सुटी सुटी कामे करणारी होती, आणि प्रश्नावल्या भरणे हे त्या कामांपैकीच एक. मोबदला मिळणाऱ्या प्रत्येक तासामागे सुमारे वीस मिनिटे काम शोधण्यात, पात्रतेच्या चाचण्या देण्यात व तत्सम गोष्टींत फुकट जातात, असे तीत आढळले. मोबदल्याचेच तास धरले तर २०१७ सालची सरासरी प्राप्ती ताशी ४.४३ डॉलर भरते. फुकटचे धरले की ती ३.३१ वर उतरते. दहा-बारा प्रश्नांची उत्तरे घेऊन ‘आपण या पाहणीस पात्र नाही’ असे सांगणारी प्रश्नावली आणि सूत बारीक नाही म्हणून परत करणारे केंद्र, या दोहोंत तेवढ्यापुरता फरक नाही. फरक पुढे आहे. केंद्राला अखेर भाकरीचा हिशेब मांडावा लागला.

दर न वाढविता प्राप्ती वाढविण्याचा दुसरा मार्ग यंत्राचा होता, आणि तोही चोखाळण्यात आला. १९२९ साली चरखा संघाने एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. चरखा दीडशे रुपयांच्या आत मिळावा आणि त्यावर आठ तासांत सोळा हजार वार चांगले सूत निघावे, या त्यातील प्रमुख अटी. बऱ्या हाताची दिवसाची मजल चार गुंड्या, म्हणजे चौतीसशे वारांच्या आसपास. मागणी होती तिच्या सुमारे पावणेपाच पट. महाराष्ट्रातील कारागिरांनीही खटपट केली. बक्षीस कोणासही मिळाले नाही.

कुमारप्पांनी प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने नेमलेल्या औद्योगिक पाहणी समितीचे ते अध्यक्ष होते. तिचा अहवाल १९३९ साली बाहेर पडला, आणि त्यातील सर्वसाधारण शिफारशी ६०६ खेड्यांच्या पाहणीवर आधारलेल्या होत्या. त्याआधी १९२९-३० मध्ये गुजरातेतील मातर तालुक्याची अशीच पाहणी त्यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांकडून करविली होती. खेडुताच्या दाराशी बसून जमीन, जनावरे, कर्ज, धंदा यांविषयी एकेक प्रश्न विचारावयाचा ही त्यांची पद्धत. उत्तर देणाऱ्यास मोबदला देण्याची तेव्हा चाल नव्हती. उत्तरांचा लाभ त्याच्याच गावाला व्हावयाचा, असे गृहीत होते. पण महायुद्धाच्या प्रश्नावर १९३९ च्या नोव्हेंबरात प्रांताचे मंत्रिमंडळ बाहेर पडले, आणि शिफारशी अमलात आणणारे हातच उरले नाहीत.

गांधीजी १९४४ साली कारागृहातून सुटून सेवाग्रामास परतले, तेव्हा खादीच्या विक्रीकडेच ते नव्या दृष्टीने पाहू लागले होते. १९४५ पासून चरखा संघाच्या भांडारात खादी घेणाऱ्यास किमतीचा काही अंश सुताच्या रूपाने देणे भाग पडले. शहरातील गिऱ्हाइकांनी पुष्कळ कुरकुर केली. एक गुंडी म्हणजे ६४० तार, प्रत्येक तार चार फुटांचा. सरावलेल्या हाताला त्यास दोन तास लागतात. वकिलाच्या किंवा प्राध्यापकाच्या हाताला, रात्रीच्या फावल्या वेळात, त्याहून पुष्कळ अधिक लागत.