घडी घातलेली डार्करूम

पोलरॉइड म्हटले की बहुतेकांना पांढऱ्या चौकटीतला, खालची कड जाड असलेला फोटो आठवतो. मला आधी आठवतो तो आरसा.

एप्रिल १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नीडम इथे कंपनीच्या वार्षिक सभेत एडविन लँड यांनी कोटाच्या खिशातून एक चपटी वस्तू काढली, ती उघडली आणि दहा सेकंदांत पाच फोटो काढून दाखवले. हाच तो एसएक्स-७०. मिटला की सुमारे सात इंच लांब, चार इंच रुंद आणि जेमतेम एक इंच जाड. या कॅमेऱ्याविषयी लिहिताना सगळे कौतुक रसायनाच्या वाट्याला जाते. रसायन थोर आहेच. पण कॅमेऱ्याला तो आकार मिळाला, तो रसायनाने यंत्रापुढे उभ्या केलेल्या एका अडचणीमुळे.

लँड यांचा पहिला कॅमेरा, मॉडेल ९५, नोव्हेंबर १९४८ मध्ये बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानात विक्रीला आला. तोही घडीचाच होता, पण जुन्या पद्धतीचा: झाकण उघडायचे, चामड्याचा भाता पुढे ओढायचा, भात्याच्या टोकाला भिंग. कोडॅकचे घडीचे कॅमेरे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून असेच उघडत होते. मॉडेल ९५ मध्ये निगेटिव्ह आणि कागद समोरासमोर दाबले जात, मिनिटभर थांबून ते एकमेकांपासून सोलायचे. फोटो हाती राही आणि चिकट निगेटिव्ह टाकून द्यावी लागे. सहलीच्या जागी पडलेला हा कचरा लँड यांना सलत असे.

नव्या फिल्ममध्ये सोलण्याचे काम उरले नाही. सगळे थर एकाच पाकिटात बंद; ज्या बाजूने प्रकाश आत जाई, त्याच बाजूने चित्र पाहायचे. आणि इथेच घोटाळा झाला. जुन्या पद्धतीत निगेटिव्हवरचे चित्र समोरच्या कागदावर उमटताना पुन्हा पालटत असे, म्हणून फोटो सरळ येई. आता ते पालटणे संपले. भिंगातून थेट प्रकाश पाडला असता तर दुकानाच्या पाट्या उलट्या उमटल्या असत्या आणि डावखुरा माणूस उजखुरा दिसला असता. तेव्हा वाटेत एक आरसा बसवणे भाग पडले.

आरसा आला म्हणजे प्रकाशाची वाट मोडली. भिंगातून आलेला प्रकाश तिरक्या आरशावर आदळून खाली आडव्या ठेवलेल्या फिल्मवर पडू लागला. फिल्म तळाशी, भिंग पुढे, आरसा पाठीशी, अशी तिरपी झोपडी तयार झाली. झोपडीच्या भिंती बिजागऱ्यांवर असतील तर ती मिटवताही येते. ज्या आरशाची सक्ती झाली, त्याच्याच आधाराने घडी जमली.

लँड यांना फोटो काढणाऱ्याने भिंगातूनच पाहावे असे हवे होते, म्हणून आत आणखी एक झडप आली. तिच्या वरच्या अंगाला बारीक वर्तुळाकार खाचांचा आरसा, खालच्या अंगाला साधा. आपण पाहत असताना ती फिल्मवर झाकणासारखी पडून असते. वरचा आरसा चित्र परत वर पाठवतो आणि ते एका छोट्या भोकातून डोळ्यापर्यंत पोहोचते. लाल बटण दाबले की आधी शटर मिटते, झडप उठून पाठीला टेकते, तिचे खालचे अंग आता आरशाचे काम करते, शटर उघडून मिटते. मग मोटर फिल्म पुढे ढकलते. दोन पोलादी रुळांमधून जाताना जाड कडेतली रसायनाची पुडी फुटते आणि लगदा सारखा पसरतो. माझ्याकडच्या कॅमेऱ्याचा तो खटक-घर्र आवाज ऐकताना प्रत्येक वेळी मला वाटते, एवढी कामे एवढ्या वेळात?

फोटो लख्ख उन्हात बाहेर पडतो आणि तरी खराब होत नाही, कारण त्या लगद्यात काही रंगद्रव्ये असतात. लगदा तीव्र अल्कधर्मी असेपर्यंत ती गडद राहून प्रकाश अडवतात. आतला आम्लाचा थर तो जोर हळूहळू कमी करतो तशी ती रंगहीन होतात. डार्करूमची भिंत काम संपल्यावर आपोआप विरघळावी, तसे.

वीजही कॅमेऱ्यात नव्हती. सहा व्होल्टची चपटी बॅटरी दहा फोटोंच्या प्रत्येक पुडक्याच्या तळाशी. फिल्म नवी म्हणजे बॅटरी नवी. मोटर कधी अडखळायची नाही. मला ही युक्ती आरशाइतकीच हुशारीची वाटते, आणि तितकीच धोक्याची. कारण फिल्मच नसेल तर हा कॅमेरा केवळ रिकामा राहत नाही; त्याचे शटरही हलत नाही.

कोडॅकने १९७६ मध्ये आपली तात्काळ फिल्म आणली, तिच्यात प्रकाश मागच्या बाजूने जाई आणि चित्र पुढून दिसे, त्यामुळे एका आरशाची सक्ती उरली नाही. तरीही पेटंटच्या खटल्यात कोडॅक हरली आणि जानेवारी १९८६ मध्ये तिला हा धंदा बंद करावा लागला. लोकांच्या घरात कॅमेरे होते, फिल्म नव्हती.

पोलरॉइडवर तीच पाळी २००८ मध्ये आली. तात्काळ फिल्म बंद करत असल्याचे कंपनीने जाहीर केले. नेदरलँड्समधल्या एन्शेडेच्या कारखान्यातली यंत्रे काही लोकांनी वाचवली आणि आपल्या उपक्रमाला 'इम्पॉसिबल' असे नाव दिले. यंत्रे मिळाली, पण रसायने मिळाली नाहीत. पुरवणारेच उरले नव्हते. सूत्र नव्याने बांधावे लागले. २०१० मध्ये त्यांची पहिली फिल्म आली. लँड यांच्या फिल्मची विरघळणारी भिंत तिच्यात धड उभी राहत नव्हती. फोटो बाहेर येताच उजेडाने करपे. म्हणून लोक कॅमेऱ्याच्या तोंडाशी काळ्या कागदाची, पुढे काळ्या प्लॅस्टिकची गुंडाळती जीभ लावू लागले, आणि फोटो हाती येताच पालथा धरून खिशात घालू लागले.