एक नाव, दोन न्यूकॅसल

न्यूकॅसल या नावाच्या दोन शहरांची छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिली, की एका नावाखाली किती निरनिराळे इतिहास दडलेले असतात हे आम्हांला जाणवते. इंग्लंडात टाईन नदीकाठी १०८० मध्ये ‘नवा किल्ला’ उभा राहिला आणि त्यावरून शहराचे नाव पडले. १८४९ मध्ये रॉबर्ट स्टीफन्सनचा दुमजली पूल खुला झाला; वर रेल्वे, खाली रस्ता. रेल्वेमार्ग किल्ल्याच्या आवारातूनच नेला गेला. त्यामुळे जुना बुरूज आणि आगगाडी आज एकाच चौकटीत सापडतात.

ऑस्ट्रेलियात हंटर नदीच्या मुखाशी १७९७ मध्ये कोळसा आढळला. टाईनकाठचे शहर कोळशासाठीच प्रसिद्ध. तेव्हा १८०४ मध्ये तिथल्या कैद्यांच्या वसाहतीला तेच नाव दिले गेले. छायाचित्रकार तिथे वळतो तो स्टॉकटनच्या, सुमारे ३२ किलोमीटर पसरलेल्या वाळूच्या टेकड्यांकडे. चित्रात ती वाळू निर्मनुष्य दिसते. वस्तुतः ती वोरिमी लोकांची भूमी, आणि त्यातील मोठा भाग २००७ मध्ये त्यांच्याकडे परत आला. शहराच्या जागेला अवाबाकल भाषेत ‘मुलुबिन्बा’ म्हणत.

पहिल्या चित्रात नाव देणारा किल्ला निदान दिसतो. दुसऱ्यातले मूळ नाव कॅमेऱ्याला टिपता येत नाही. ते चित्राखालच्या ओळीत आपणच लिहावे लागते.