दिनविशेष : ३१ जुलै – बाल्बियानी यांचा जन्म

फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञ एदुआर-जेरार बाल्बियानी यांचा जन्म १८२३ मध्ये आजच्या दिवशी हैतीतील पोर्ट-ओ-प्रिन्स येथे झाला. कायरोनोमस हा डासासारखा दिसणारा, पण न चावणारा कीटक. त्याच्या अळीच्या लाळग्रंथी १८८१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना पेशीकेंद्रात आडव्या पट्ट्यांचे जाड धागे दिसले आणि त्यांवर काही ठिकाणी फुगीर कडी. या कड्यांना पुढे त्यांचेच नाव मिळाले. असे फुगवटे म्हणजे काम चालू असलेली जनुके, हे जर्मनीच्या वोल्फगांग बेअरमान यांनी १९५२ मध्ये मांडले.

पण ते काम प्रत्यक्ष दाखवले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील बर्टिल डॅनहोल्ट व सहकाऱ्यांच्या छायाचित्रांत या कड्यांतील डीएनएच्या वेटोळ्यावर आरएनएचे देठ ओळीने उभे दिसतात : जनुकाच्या आरंभी आखूड, पुढे लांब होत जाणारे, अखेरीस टोकाला गोळी धरलेले. ही गोळी जेमतेम ५० नॅनोमीटरची. पेशीकेंद्राच्या छिद्रातून बाहेर पडताना ती उलगडते, तो क्षणही त्यांनी टिपला. जनुकाचे वाचन चालू असताना पाहायला मिळणे, हे जीवशास्त्रातले खरोखर विलक्षण दृश्य आहे. याच जनुकांच्या प्रथिनांपासून झालेल्या रेशमी धाग्यांनी अळी पाण्याच्या तळाशी राहण्यासाठी नळी विणते.