एका वर्गाचे दोन पालक

वनस्पतींचे आणि प्राण्यांचे वर्गीकरण आपण शाळेत शिकवतो. संगणकाच्या भाषांतही असे वर्गीकरण असते. नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांच्या 'सिम्युला ६७' या भाषेत एका वर्गाचे गुण त्याच्या पोटवर्गाला आपोआप मिळू लागले. यालाच 'वारसा' म्हणतात. मात्र तेथे पोटवर्गाला पालक एकच असे.

जगातल्या वस्तू इतक्या सरळ नसतात. कुरखेड्याच्या जंगलातला बांबू घ्या. वनस्पतिशास्त्रात तो गवताच्या कुळातला. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला 'वृक्षा'त घातले, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने 'गौण वनोपजा'त. समजा, आपण यावर प्रोग्रॅम लिहितो आहोत. 'वनोपज' हा मूळ वर्ग, 'वृक्ष' आणि 'गौण वनोपज' हे त्याचे पोटवर्ग आणि 'बांबू' दोघांचाही वारस. आकृती पत्त्यांतल्या चौकटसारखी होते. आता बांबूला विचारले, 'वाहतुकीचा परवाना कोण देणार?' एक पालक म्हणतो वन विभाग, दुसरा म्हणतो ग्रामसभा. संगणकाने कोणाचे ऐकावे?

यावर निरनिराळे तोडगे निघाले. अमेरिकेतील एमआयटीच्या 'फ्लेवर्स'मध्ये १९८० च्या सुमारास पालकांची क्रमवारी लावली गेली. ज्याचे नाव आधी, त्याचे उत्तर ग्राह्य. सी++ भाषेत १९८९ साली एकाहून अधिक पालकांची सोय झाली. तेथे दोन उत्तरांत पेच पडला की कंपायलर चूक दाखवून थांबतो. कोणाचे ऐकायचे ते लिहिणाऱ्याने नाव घेऊन सांगायचे. १९९५ च्या जावाने वर्गाला एकच पालक ठेवला. 'इंटरफेस' कितीही जोडता येत, पण त्यांत फक्त कामांची यादी असे, उत्तरे नसत. २०१४ साली इंटरफेसमध्येही उत्तरे लिहिण्याची मुभा मिळाली आणि पेच परत आला! पायथनने २००३ मध्ये क्रमवारीचाच अधिक काटेकोर नियम घेतला: पोटवर्ग नेहमी पालकाच्या आधी, पालकांचा लिहिलेला क्रम कायम, आणि हे जुळत नसेल तर तो वर्ग बनतच नाही.

यांपैकी एकही भाषा 'खरे' उत्तर शोधून काढत नाही. निर्णय माणसानेच आधी घ्यायचा आणि स्पष्ट लिहून ठेवायचा असतो. तो लिहिलेला नसेल तर काय होते, हे गडचिरोली जिल्ह्याने पाहिले आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाचा सामूहिक वनहक्क २००९ साली मान्य झाला. पण बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. परवाना ग्रामसभेच्या बाजूने द्यावा, हे नियमांत आले २०१२ मध्ये. वन कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून 'बांबू' हा शब्द वगळला गेला तो त्यानंतर, २०१७ साली.

वर्गात हा पेच सहज दाखवता येईल. 'उडणारा प्राणी' आणि 'सस्तन प्राणी' अशी दोन कार्डे करावीत. पहिल्यावर 'अंडी घालतो', दुसऱ्यावर 'पिलांना जन्म देतो' असे लिहावे आणि वटवाघळाचे कार्ड मुलांच्या हाती द्यावे. कोणते कार्ड मुळातच चुकीचे लिहिले गेले, याची चर्चा मुले आपणहून सुरू करतील.